आपल्या राज्यातल्या खेळाडूंची बेसबॉल कार्डं कशी जमवावीत

बेसबॉल खेळाडूंची छापील चित्रकार्डं जमवणारे बहुतेक जण एखादा संघ धरतात, एखादं वर्ष धरतात, नाहीतर एकाच खेळाडूच्या मागे लागतात. राज्य धरून जमवलेला संग्रह या सगळ्यांहून वेगळा निघतो. त्यात हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनातल्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) शेजारच्या खणात चार सामने खेळून घरी परतलेला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) बसतो, कारण दोघं एकाच मातीतले. कार्ड कंपन्यांनी ही जोडी कधी एकत्र छापलेली नसते. ती जुळवण्याचं काम संग्राहकाचं, आणि खरी गोडीही त्यातच आहे. म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन एका मुद्द्यावर उभं आहे: मोठी नावं आपोआप मिळतात, वेळ आणि लक्ष द्यायचं ते लहान नावांना.

उदाहरणासाठी इथे अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य घेतलं आहे. तिथे मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला, संघ नाही, त्यामुळे संघाचा संग्रह आणि राज्याचा संग्रह यांची सरमिसळ होत नाही. तिथे जन्मून मेजर लीग खेळलेले खेळाडू शंभरावर आहेत, म्हणजे काही वर्षांत यादी पूर्ण करता येते. आणि नावंही दमदार आहेत: एल्बाचा ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर, वाहूचा सॅम क्रॉफर्ड, ओमाहाचा बॉब गिब्सन, टिल्डनचा रिची अ‍ॅशबर्न. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ही संख्या हजारांत जाते. तिथे सगळं राज्य अंगावर घेऊ नये. एक कौंटी, एक शहर किंवा फार तर एका दशकात पदार्पण केलेले खेळाडू एवढंच क्षेत्र ठरवावं.

आधी नियम लिहून काढा

पहिलं कार्ड विकत घेण्याआधी "आपल्या राज्याचा खेळाडू" म्हणजे कोण, हे दोन-तीन ओळींत लिहून ठेवावं. मनात ठेवलेला नियम टिकत नाही. एखादं देखणं कार्ड समोर आलं की तो लगेच वाकतो, आणि वर्षभरात संग्रहात कोणीही शिरू लागतं.

अडचण कुठे येते ते पाहा. वेड बॉग्सचा जन्म ओमाहाचा, पण तो वाढला आणि खेळायला शिकला फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये. डॅझी व्हान्सचं नेमकं उलटं: जन्म आयोवातला, बालपण नेब्रास्कातलं. डॅरिन अर्स्टॅड नॉर्थ डकोटाचा, पण नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळला आणि तिथूनच १९९५च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीग संघांच्या नवोदितांच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. जॉर्ज ब्रेट वेस्ट व्हर्जिनियात जन्मला, कॅलिफोर्नियात वाढला, १९७३ मध्ये ओमाहाच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या श्रेणीतल्या) संघाकडून खेळला आणि पुढची सगळी कारकीर्द मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत घालवली. चार राज्यांचे संग्राहक त्याच्यावर हक्क सांगू शकतात. अलास्काच्या यादीतलं सगळ्यात मोठं नाव कर्ट शिलिंग. त्याचा जन्म अँकरेजचा, वडील सैन्यात असल्यामुळे. मोठा झाला तो अ‍ॅरिझोनात.

निव्वळ जन्मस्थानाचा नियम सोपा आणि वादाला जागा न ठेवणारा असतो, पण त्यातून व्हान्ससारखे अस्सल स्थानिक निसटतात. शिवाय सीमेवरच्या शहरांत मूल एका राज्यातलं आणि इस्पितळ पलीकडच्या राज्यातलं, असंही घडतं. आमच्या मते तीन कप्प्यांची पद्धत सगळ्यात चांगली चालते. पहिल्या कप्प्यात जन्मलेले, दुसऱ्यात तिथल्या हायस्कुलात शिकलेले, तिसऱ्यात तिथल्या महाविद्यालयाकडून खेळलेले. पूर्ण करायचा तो पहिला कप्पा. बाकीचे दोन सवडीने भरायचे. मायनर लीग संघाकडून येऊन गेलेल्यांना यात घेऊ नये. ओमाहाचा संघ १९६९ पासून कॅन्सस सिटी रॉयल्सची ट्रिपल-ए (मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या श्रेणीची) शाखा आहे. तो दरवाजा उघडला की रॉयल्सचे जवळपास सगळेच खेळाडू आत येतात आणि राज्याचा संग्रह दुसऱ्याच संघाचा होऊन बसतो.

यादी बांधताना

जन्मस्थानानुसार खेळाडूंची यादी बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर तयार मिळते. पदार्पणाची तारीख, सामने आणि शेवटचं वर्षही तिथेच असतं. ती स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्यावी. रकाने असे ठेवावेत: नाव, गाव, कप्पा, पदार्पणाची तारीख, शेवटचं वर्ष, निवडलेल्या कार्डाचं वर्ष, सेट (कंपनीने एकत्र काढलेला कार्डांचा संच), सेटमधला क्रमांक, मिळालं की नाही, दिलेली किंमत. वर्ष, सेट आणि क्रमांक हे तीन वेगळे रकाने हवेतच. ते एकाच रकान्यात कोंबले तर पुढे क्रम लावता येत नाही, आणि खरेदीच्या वेळी त्या क्रमावरच सगळं अवलंबून असतं.

प्रत्येक नावापुढे कोणकोणती कार्डं निघाली हे पाहायला ट्रेडिंग कार्ड डेटाबेस उपयोगी पडतो. तिथे खेळाडूच्या पानावर वर्षवार सगळी कार्डं दिसतात, जवळची आणि हवी असलेली कार्डंही नोंदवता येतात आणि इतर संग्राहकांशी अदलाबदल करता येते.

एक सापळा हमखास लागतो: एकाच नावाचे दोन खेळाडू. ऐंशीच्या दशकात मिल्वॉकी ब्रुअर्सकडे बॉब गिब्सन नावाचा दुसराच पिचर होता. ओमाहाचा गिब्सन १९७५ नंतर खेळलेला नाही. त्यामुळे ब्रुअर्सच्या गणवेशातलं कार्ड "गिब्सन" म्हणून स्वस्तात दिसलं तर ते आपल्या कामाचं नाही. यादीत शेवटच्या वर्षाचा रकाना ठेवायचा तो यासाठीच.

कार्डाच्या मागच्या मजकुरावरूनही फसगत होते. १९५०च्या दशकापासून पुढच्या काही दशकांत टॉप्स या कंपनीच्या बऱ्याच कार्डांवर "बॉर्न" आणि "होम" अशा दोन वेगळ्या नोंदी असत. "होम" म्हणजे खेळाडू त्या काळी हिवाळ्यात जिथे राहायचा ते गाव, जन्मगाव नव्हे. लग्नानंतर सासरच्या गावी स्थायिक झालेले खेळाडू पुष्कळ. फक्त "होम" वाचून यादी बांधली तर ती चुकते.

एका खेळाडूचं कोणतं कार्ड घ्यावं

सुरुवात एका खेळाडूमागे एका कार्डाने करावी. बॉग्सची हजारो वेगवेगळी कार्डं आहेत. त्याच्या मागे लागलं तर बाकीची शंभर नावं रिकामी राहतात.

रुकी कार्डाचा, म्हणजे खेळाडूच्या मेजर लीगमधल्या सुरुवातीच्या कार्डाचा, मोह स्वाभाविक आहे, पण सगळ्यांसाठी तोच नियम लावू नये. नेब्रास्कावाल्यांची मुख्य रुकी कार्डं अशी (बोमन, डॉनरस, फ्लीअर या टॉप्ससारख्याच कार्ड कंपन्या): अ‍ॅशबर्न १९४९चं बोमन, क्रमांक २१४. गिब्सन १९५९चं टॉप्स, क्रमांक ५१४. बॉग्स १९८३चं टॉप्स, क्रमांक ४९८. त्याच वर्षी डॉनरसचं ५८६ आणि फ्लीअरचं १७९. यातलं बॉग्सचं कुणालाही परवडतं. उरलेली दोन महाग आहेत, आणि ते केवळ नावामुळे नाही. १९७३ पर्यंत टॉप्स आपला सेट हंगामभर तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे सिरीजमध्ये बाजारात आणत असे. शेवटच्या सिरीज येईपर्यंत उन्हाळा सरत आलेला असायचा, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असायचं आणि दुकानदार माल कमी मागवायचे. म्हणून वरच्या क्रमांकाची कार्डं मुळातच कमी शिल्लक आहेत. १९५९ मध्ये ५०७ पासून पुढची सिरीज अशी दुर्मीळ, आणि गिब्सन नेमका तिच्यात आहे. १९४९च्या बोमनमध्येही १४५ पासून पुढची कार्डं कमी मिळतात. १९७४ पासून टॉप्सने सगळा सेट एकदम काढायला सुरुवात केली आणि हा फरक संपला.

खिसा लहान असेल तर गिब्सनचं १९७५चं टॉप्स, क्रमांक १५० घ्यावं. त्याच्या खेळाच्या काळातलंच कार्ड आहे आणि पुष्कळ मिळतं. १९६८चं १०० क्रमांकाचं त्याहून महाग पडतं, पण राज्याच्या संग्रहात ते असावं असं आम्हाला वाटतं. त्याच हंगामात गिब्सनने दर नऊ डावांमागे फक्त १.१२ धावा देण्याची सरासरी राखली आणि पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. एका ओमाहाच्या माणसाच्या उजव्या हाताचा त्यात मोठा वाटा होता.

आधुनिक खेळाडूंच्या बाबतीत "पहिलं कार्ड" आणि "रुकी कार्ड" यांत गल्लत होते. २००६ पासून खऱ्या रुकी कार्डावर रुकी कार्डाचं चिन्ह छापतात, आणि खेळाडू मेजर लीगच्या संघात आल्याशिवाय ते कार्ड काढता येत नाही. खेळाडू तिथे पोचण्याआधीची बोमनची कार्डं ही प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडूंची, कार्डं, आणि त्यांवर "फर्स्ट" असं चिन्ह असलं तरी ती रुकी नव्हेत. या नियमाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेब्रास्काचंच आहे. लिंकनच्या अ‍ॅलेक्स गॉर्डनचं २००६च्या टॉप्समध्ये २९७ क्रमांकाचं कार्ड छापलं गेलं, पण तो तोवर मेजर लीगमध्ये पोचलेला नव्हता. कंपनीने कार्ड मागे घेतलं, तरी काही पाकिटांतून बाहेर गेलीच. मधला भाग कापून काढलेल्या प्रतीही सापडतात. या कार्डाच्या नकला फिरत असतात, म्हणून ते कुणाच्याही शब्दावर घेऊ नये. गॉर्डनची अधिकृत रुकी कार्डं २००७ची, आणि ती स्वस्त आहेत.

ज्यांचं कार्डच दिसत नाही

यादीतली साठ-सत्तर नावं भराभर भरतात. मग वेग थांबतो. उरतात ते १९१० मध्ये नऊ सामने खेळलेले, १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे संधी मिळालेले, १९५८ मध्ये सप्टेंबरपुरते मेजर लीगमध्ये आलेले. इथे बरेच जण कंटाळतात, पण संग्रहाला आकार येतो तो याच टप्प्यावर. कुठे शोधायचं, हे कळलं की यातले बरेचसे सापडतात.

युद्धापूर्वीच्या काळासाठी पहिला आधार म्हणजे कॉनलन कलेक्शन. स्पोर्टिंग न्यूज या क्रीडा नियतकालिकाच्या संग्रहातल्या चार्ल्स कॉनलन यांच्या जुन्या छायाचित्रांवरून १९९१ ते १९९४ दर वर्षी ३३० कार्डं निघाली. १९०५च्या आसपासपासून १९४०च्या दशकापर्यंतचे, कुणाला फारसे आठवत नसलेले खेळाडू त्यांत आहेत आणि कार्डं काही सेंटांत मिळतात. क्रॉफर्डचं मूळ टी२०६ कार्ड (सिगारेटच्या पाकिटातून येणाऱ्या जुन्या सेटमधलं) घ्यायला पैसे साठवावे लागतात. तोवर त्या खणात कॉनलनचं कार्ड शोभून दिसतं.

संघांनी काढलेले "आजवरचे सगळे खेळाडू" असे सेट हा दुसरा आधार. १९९० मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने लॉस एंजेलिस डॉजर्सचा असा सेट काढला. त्यात तो संघ ब्रुकलिनला होता त्या काळापासूनचे हजारावर खेळाडू आहेत. लहान आकाराची ही कार्डं भोकांच्या रेषेवरून सुटी करायची असतात. व्हान्स ब्रुकलिनचा, त्यामुळे तो यात आहेच, पण खरा लाभ त्याच्याबरोबरच्या अनोळखी नावांचा. १९९१ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सचा ५०१ कार्डांचा असाच सेट निघाला. यादीतला कुणीही एक दिवस जरी डॉजर्स किंवा ओरिओल्सकडून खेळला असेल, तर आधी हे दोन सेट चाळावेत.

पन्नास-साठच्या दशकांत थोडेच सामने खेळलेल्यांसाठी फ्रिट्श या कंपनीचे "वन-इयर विनर्स" सेट पाहावेत. ज्यांना त्या काळी कार्ड मिळालं नाही अशांसाठीच ते काढले होते. १९७०च्या दशकात टीसीएमए या कंपनीने काढलेल्या जुन्या खेळाडूंच्या सेटांतही अशी नावं सापडतात.

२००० नंतरच्या राखीव खेळाडूंसाठी टॉप्स टोटल उत्तम. २००२ आणि २००३च्या सेटांत प्रत्येकी ९९० कार्डं होती, म्हणून बाकावर बसणारेही त्यांत आले. अलीकडच्या पदार्पणांसाठी दर वर्षी हंगामाअखेर येणारा टॉप्स अपडेट आणि २०१६ पासून मागणीपुरताच छापला जाणारा टॉप्स नाऊ पाहावा.

एवढं करूनही मेजर लीगचं कार्ड नसेल तर मायनर लीगकडे वळावं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोकार्ड्ससारख्या कंपन्यांनी अगदी खालच्या श्रेणीतल्या संघांचेही सेट काढले. त्यामुळे त्या काळात खेळलेल्या माणसाचं कार्ड बहुधा असतंच. मात्र ही कार्डं सुटी क्वचित मिळतात. पंचवीस-तीस कार्डांचा पूर्ण संघाचा सेट घ्यावा लागतो, आणि हव्या असलेल्या एका माणसासाठी तो घेणं चुकीचं नाही. पण त्याच सेटात पुढे तारा झालेला कुणी असला की सेटची किंमत त्याच्यामुळे वाढलेली असते. अशा वेळी विक्रेत्याला सरळ विचारावं: तारा काढून उरलेला सेट देता का? अनेकदा तो उरलेला ढीग त्यांच्याकडे पडूनच असतो.

निग्रो लीगच्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या, खेळाडूंना यादीत जागा द्यायलाच हवी. १९२० ते १९४८ मधल्या सात लीगना डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्याआधी बांधलेल्या जन्मस्थानाच्या याद्या अपुऱ्या आहेत. त्या नव्याने काढाव्यात. या खेळाडूंची त्यांच्या काळातली अमेरिकी कार्डं फारच थोडी. फ्रिट्शचा १९८६चा ११९ कार्डांचा सेट इथे कामाला येतो. दक्षिणेकडच्या राज्यांत तर हा भाग फारच संपन्न आहे. अलाबामाचा सॅचेल पेज पुढे मेजर लीगमध्ये आला म्हणून त्याचं १९४९चं बोमन आणि १९५३चं टॉप्स ही कार्डं तरी आहेत. टॉप्सवर त्याचं नाव एक अक्षर जास्त घालून चुकीचं छापलं आहे, आणि सगळ्या प्रती तशाच असल्याने त्या चुकीला वेगळी किंमत नाही.

खरेदी

कार्ड शोला (कार्डांच्या विक्री-प्रदर्शनाला) जाताना यादी नावांच्या क्रमाने छापून नेऊ नका. जुन्या कार्डांचे विक्रेते पेट्या वर्ष, सेट आणि क्रमांक यांनुसार लावतात. नावानुसार लावलेली यादी घेऊन गेलात तर एकाच पेटीत दहा वेळा हात घालावा लागतो आणि विक्रेताही वैतागतो. १९५८ टॉप्स ३२९, १९५९ टॉप्स ५१४ अशा क्रमाने कागद असला की एका टेबलाचं काम पंधरा मिनिटांत उरकतं. प्रत्येक नावापुढे दोन-तीन पर्यायी कार्डं लिहिलेली असावीत, म्हणजे एक नाही तर दुसरं मिळतं.

ऑनलाइन घेताना मागितलेली किंमत पाहू नये, विकली गेलेली पाहावी. ईबेवर "सोल्ड आयटम्स" निवडलं की साधारण गेल्या ९० दिवसांतले व्यवहार दिसतात. किंमत खोडलेली दिसली तर सौदा त्याहून कमी रकमेत झाला असं समजावं. कमी किमतीच्या कार्डांत टपालखर्चच भारी पडतो. चार आण्याच्या कार्डाला चौपट टपाल देण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून वीस-तीस कार्डं एकत्र मागवावीत. १९८६ ते १९९३ या काळातली कार्डं तर इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की त्यांसाठी सुटं एक कार्ड कधीच मागवू नये.

साध्या खेळाडूचं जुनं कार्ड मध्यम स्थितीतलं घ्यावं: कोपरे थोडे मऊ झालेले चालतील, पण घडी, पेनाची खूण किंवा मागे अल्बममधून ओढल्याने उडालेला कागद नसावा. विक्रेत्याने पाठीमागचा फोटो दिला नसेल तर मागून घ्यावा. बहुतेक दोष तिथेच लपलेले असतात.

खरं की छापील नक्कल

पहिली तपासणी पट्टीची. १९५७ पासून टॉप्सचं कार्ड २.५ × ३.५ इंच आहे. १९५२ ते १९५६ मध्ये ते २ ५/८ × ३ ३/४ इंच होतं. टी२०६ साधारण १ ७/१६ × २ ५/८ इंच. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२च्या सेटचं पुनर्मुद्रण काढलं, पण ते आजच्या लहान आकारात. म्हणून १९५२चं म्हणून दाखवलेलं कार्ड आजच्या स्लीव्हमध्ये (कार्डाच्या पातळ प्लास्टिकच्या खोळीत) सैलसर बसलं तर ते पुनर्मुद्रण आहे. उलट, मूळ कार्ड ठरलेल्या मापाहून मिलिमीटरभर लहान भरलं तर घासलेले कोपरे लपवण्यासाठी कडा छाटलेली असू शकते. बाजूला त्याच सेटचं साधं स्वस्त कार्ड ठेवून चारही कडा जुळवून पाहाव्यात.

दुसरी तपासणी दहापट भिंगाची. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण नाव आणि काळ्या रेषा सलग शाईच्या असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसतात. तिसरी तपासणी अंधारात अतिनील दिव्याखाली. युद्धापूर्वीच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसत. तो निळसर पांढरा लखलखला तर कार्ड घेऊ नये.

महाग कार्ड पीएसए किंवा एसजीसीसारख्या, कार्डाचा खरेपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने तपासून कडक प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेलं घेणं शहाणपणाचं. स्वतः ग्रेडिंगला, म्हणजे अशा तपासणीला, पाठवण्याआधी मात्र शुल्क, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा मिळून किती खर्च होतो ते पाहावं. कार्डाची किंमत त्याच्या तिपटीच्या आत असेल तर पाठवू नये. आणखी एक अडचण राज्याच्या संग्रहात विशेष जाणवते: ग्रेड केलेलं कार्ड बाइंडरच्या खणात बसत नाही. तिथे कार्डाच्या आकाराची चिठ्ठी ठेवून मूळ कार्ड कुठल्या डब्यात आहे ते लिहावं.

मांडणी आणि जपणूक

नऊ खणांची पानं पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत, पीव्हीसीची नव्हेत. पीव्हीसी काही वर्षांत चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. १९५२ ते १९५६च्या मोठ्या टॉप्ससाठी आठ खणांची पानं मिळतात. नऊच्या पानात ती दाबून बसवली तर वरचे कोपरे मोडतात. बाइंडर डी आकाराच्या कड्यांचा हवा. गोल कड्यांच्या बाइंडरमध्ये मणक्याजवळची पानं वाकतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांवर कड्याचा ठसा उमटतो. बाइंडर उभा ठेवावा, आणि शेवटची पानं बसवताना जोर लागत असेल तर दुसरा सुरू करावा.

क्रम कसा लावायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो चुकला तर फार त्रास होतो. आद्याक्षरानुसार लावलं तर दर नव्या खेळाडूमागे पुढची सगळी कार्डं एकेक खण सरकवावी लागतात, आणि प्रत्येक सरकवण्यात कोपरे झिजतात. पदार्पणाच्या तारखेनुसार लावावं. जुना क्रम ठरलेला असतो, नवा खेळाडू नेहमी शेवटी येतो. न मिळालेल्याच्या खणात नाव, गाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पानं उलटताना राज्यातलं बेसबॉल काळानुसार उलगडत जातं हा वेगळा लाभ.

प्रत्येक कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये घालावं. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये (वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत) सरकवलं तर चकचकीत पृष्ठभागावर बारीक ओरखडे येतात. नेहमीचा टॉपलोडर ३५ पॉइंट जाडीच्या कार्डांसाठी असतो (एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग). गणवेशाच्या कापडाचा तुकडा असलेल्या जाड कार्डाला १०० किंवा १३० पॉइंटचा लागतो. टपालाने पाठवताना टॉपलोडरच्या तोंडावर रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावावी आणि तिचं एक टोक दुमडून ठेवावं. साध्या सेलोटेपचा डिंक टॉपलोडरवर राहतो, आणि तो कापायला घेतलेली कात्री कार्डापर्यंत पोचते. मग टॉपलोडर घट्ट पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये धरावा.

संग्रह तळघरात किंवा माळ्यावर ठेवू नये. राहत्या खोलीतलं तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता कार्डांना मानवते. २००० नंतरची क्रोम कार्डं दमट हवेत चटकन वाकतात, कारण त्यांचा एक थर कागदाचा आणि दुसरा प्लास्टिकचा असतो; कागद फुगतो, प्लास्टिक फुगत नाही.

सह्यांचा नाद असेल तर राज्याचा संग्रह त्याला फार पोषक आहे. निवृत्त झालेल्या, फारसं नाव न झालेल्या खेळाडूंना पत्रं कमी येतात आणि ते बहुधा उत्तर देतात. एक किंवा दोनच कार्डं पाठवावीत, सोबत आपला पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट ठेवावं आणि पत्रात त्यांच्या गावाचा, शाळेचा उल्लेख हाताने लिहावा. चकचकीत कार्डावर आधी पावडर हलकेच फिरवून पुसून घ्यावी, नाहीतर सही गोळा होऊन फुटते. एकमेव प्रत मात्र टपालात कधी टाकू नये.

यादी वर्षातून दोनदा ताजी करावी. जुलैमध्ये ड्राफ्ट झाला की राज्यातल्या शाळा-महाविद्यालयांतून निवडलेल्यांची नावं वेगळ्या पानावर उतरवून ठेवावीत. त्यांची प्रॉस्पेक्ट कार्डं त्या वर्षाच्या बोमन ड्राफ्ट या सेटमध्ये दिसू लागतात आणि नाव गाजण्याआधी स्वस्त असतात. हंगाम संपला की पदार्पण केलेल्यांना मुख्य यादीत हलवावं, त्यांच्या नावाची चिठ्ठी लिहून बाइंडरच्या शेवटच्या रिकाम्या खणात सरकवावी आणि टॉप्स अपडेटची वाट पाहावी.